बॅग भरणाऱ्या बाईचं गाणं

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘बाईचा आवाज’ या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



‘बाईचा आवाज’ हा विषय ताईंनी मला दिला, तेव्हा त्यांना बहुधा वाटलं असेल की मी जात्यावरच्या ओव्यांवर बोलेन, नाहीतर आपल्या मोर्च्यांतल्या गाण्यांवर. ते बोलणाऱ्या माझ्यापेक्षा जाणत्या बाया इथे बसल्या आहेत. मी आज अमेरिकेतल्या एका रॉक गायिकेच्या एका अल्बमबद्दल बोलणार आहे. तिचं नाव किम गॉर्डन. अल्बमचं नाव ‘द कलेक्टिव्ह’. तो आला ८ मार्च २०२४ रोजी. तेव्हा ती सत्तर वर्षांची होती, दीड-दोन महिन्यांत ती एक्काहत्तर वर्षांची होणार होती.

आता ८ मार्च म्हटल्यावर तुमच्यातल्या काही जणी हसल्या. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण जगभरात नवे अल्बम शुक्रवारी काढायची पद्धत आहे आणि तो दिवस शुक्रवार होता, एवढंच असेल. आपल्याकडे त्या दिवशी महाशिवरात्र होती. महिला दिनाच्या कार्यक्रमाला उपासाची खिचडी ठेवली होती ते तुम्हाला आठवत असेल. असो.

मी काही संगीतातली जाणकार नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं, तेव्हापासून समुपदेशन केंद्रात काम करते. माझे कान तयार झाले ते घरी रेडिओवरच्या भावगीतांवर आणि नंतर शिबिरांतल्या डफावर. हे गाणं मला ऐकवलं ते आमच्याकडे फील्डवर्कला आलेल्या एका विद्यार्थिनीनं. आम्ही गृहभेटीहून एस.टी.नं परत येत होतो. तिनं कानातली एक वायर माझ्या कानात घातली आणि म्हणाली, “ताई, हे ऐका.” ऐकलं, तर पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटावा तसा धडधडाट! मी वायर काढली. म्हटलं, “अगं, दिवसभर भांडणंच ऐकलीत, आता हे कशाला?” तर ती म्हणाली, “ताई, ही बाई सत्तर वर्षांची आहे. आणि ती बॅग भरतेय.”

त्या दोन वाक्यांमुळे मी वायर पुन्हा कानात घातली. आजचं बोलणं तिथूनच सुरू झालेलं आहे.

बँडमधली मुलगी

आधी ही बाई कोण ते सांगते. किम गॉर्डनचा जन्म १९५३ चा. वाढली लॉस एंजेलिसला. शिकली चित्रकला, संगीताचं रीतसर शिक्षण नाही. १९८० च्या सुमाराला ती न्यूयॉर्कला आली आणि १९८१ मध्ये ‘सॉनिक यूथ’ हा बँड उभा राहिला. ती त्यात बास गिटार वाजवायची आणि गायची. थर्स्टन मूर हा बँडमधला गिटारवादक. १९८४ मध्ये त्यांचं लग्न झालं, १९९४ मध्ये मुलगी झाली. या बँडनं गिटारी वेगळ्याच सुरांत लावल्या, कर्कश आवाजाला गाण्यात जागा दिली. त्यांचा १९८८ चा ‘डेड्रीम नेशन’ हा अल्बम अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला आहे. म्हणजे ही कोपऱ्यातली कुणी हौशी बाई नव्हे.

तरीही तीस वर्षं पत्रकार तिला एकच प्रश्न विचारत राहिले : बँडमध्ये मुलगी असणं कसं वाटतं? पुढे २०१५ मध्ये तिनं आत्मकथन लिहिलं, त्याला नावच दिलं ‘गर्ल इन अ बँड’. साठी ओलांडलेल्या बाईनं स्वतःला ‘मुलगी’ म्हणून घ्यायचं, त्यातली खोच तुमच्या लक्षात येईल. आपल्यातल्या ज्या जणी सरपंच झाल्या, बस चालवतात, वीजमंडळात खांबावर चढतात, त्यांना विचारून पाहा. त्यांना कामाबद्दल कमी विचारतात, ‘बाई असून’ याबद्दलच जास्त.

तिच्या जुन्या तीन गाण्यांचा उल्लेख करते, म्हणजे पुढचं कळेल. १९९० च्या ‘गू’ या अल्बममध्ये ‘ट्यूनिक’ नावाचं गाणं आहे. ते कॅरन कारपेंटरबद्दल आहे. कॅरन अमेरिकेतली फार लाडकी गायिका, शिवाय उत्तम ड्रम वाजवायची. बारीक राहण्याच्या दडपणातून तिला जेवण टाकण्याचा आजार जडला आणि १९८३ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यापायी ती गेली. त्याच अल्बममधल्या ‘कूल थिंग’मध्ये काळे रॅप कलावंत आपल्याला मुक्त करतील अशा एका गोऱ्या बाईच्या भाबड्या अपेक्षेची थट्टा आहे. म्हणजे स्वतःचीच थट्टा आहे. आणि १९९२ चं ‘स्विमसूट इश्यू’. ते ऑफिसात टायपिंगला आलेल्या आणि साहेबाच्या छळाला तोंड देणाऱ्या सेक्रेटरीच्या तोंडून येतं. ज्या मोठ्या संगीत कंपनीसाठी हा बँड ध्वनिमुद्रण करत होता, तिथल्याच एका अधिकाऱ्यावर तसे आरोप झाले होते. आपलं अन्न ज्या दारातून येतं त्या दाराबद्दल तिनं गाणं केलं. तेच १९९२ साल आपल्याकडे भंवरीदेवींचं. त्या लढ्यातून १९९७ मध्ये विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा. गाण्यानं कायदा येत नाही हे आपल्याला माहीत आहे. पण ज्या गोष्टीला धड नावही नव्हतं, ती बायका जगाच्या दोन टोकांना आपापल्या परीनं मोठ्यानं बोलत होत्या.

२०११ मध्ये नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधामुळे हे लग्न मोडलं आणि त्याबरोबर बँडही संपला. शेवटचा कार्यक्रम नोव्हेंबर २०११ मध्ये ब्राझीलला झाला. दोघं एकाच मंचावर, आणि मनानं कधीच वेगळी झालेली. आत्मकथनाची सुरुवात तिनं त्याच कार्यक्रमापासून केली आहे. सत्तावीस वर्षांचा संसार आणि तीस वर्षांचं काम एकदमच हातातून गेलं. लग्न मोडतं तेव्हा बाईचं फक्त घर जात नाही. नवऱ्याच्या दुकानात बसणारी, त्याच्या शेतात राबणारी, त्याच्या संस्थेत बिनपगारी काम करणारी बाई घटस्फोटाबरोबर कामालाही मुकते, हे आपण रोज पाहतो.

सत्तरीतला आवाज

आणि त्यानंतर तिनं काय केलं? आधी बिल नेस या गिटारवादकाबरोबर ‘बॉडी/हेड’ ही जोडी सुरू केली. मग २०१९ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, स्वतःच्या एकटीच्या नावावर पहिला अल्बम काढला, ‘नो होम रेकॉर्ड’. बेल्जियमच्या चित्रपट-दिग्दर्शिका शाँताल अकेरमन यांनी आपल्या आईवर केलेल्या ‘नो होम मूव्ही’ या शेवटच्या चित्रपटाची त्या नावात आठवण आहे. आणि २०२४ मध्ये ‘द कलेक्टिव्ह’.

या अल्बममध्ये अकरा गाणी आहेत आणि ती सगळी मिळून साधारण चाळीस मिनिटांची आहेत. संगीताची बांधणी जस्टिन रेझन या तिच्याहून बऱ्याच तरुण निर्मात्याबरोबर केलेली आहे. त्यात जो ठेका आहे त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८० मध्ये ‘८०८’ नावाचं एक ड्रम मशीन काढलं होतं. खरा ढोल वाजवायचा नाही, बटणं दाबून ठेका लावायचा. बाजारात ते फारसं चाललं नाही, त्याचं उत्पादन थांबलं, आणि मग स्वस्तात मिळायला लागलं म्हणून ज्यांच्याकडे पैसे नव्हते अशा काळ्या पोरांच्या हाती आलं. त्यातून रॅपचा मोठा भाग घडला. पुढे अटलांटा शहरात या यंत्राच्या खोल, छातीत घुमणाऱ्या आवाजातून आणि वर भराभर वाजणाऱ्या टिकटिकीतून ट्रॅप तयार झालं. किमनं तो ठेका घेतला आणि त्यावर आपल्या फाटक्या, करकरणाऱ्या गिटारी घातल्या. गाते ती जवळजवळ बोलल्यासारखी. कधी पुटपुटते, कधी धापा टाकते, कधी आवाज यंत्रातून जाऊन ओळखू येईनासा होतो. सबंध अल्बमवर एक काळोखी आहे. पाऊस पडत नाही आणि ढगही हटत नाहीत, तशा दुपारसारखी.

वय झालेल्या गायिकेकडून आपली अपेक्षा काय असते? तिनं शाल पांघरून पुरस्कार घ्यावा, जुनी चार गाणी म्हणावीत आणि आवाज अजून कसा गोड आहे म्हणून आपण माना डोलवाव्यात. आवाज फाटला की तिनं समंजसपणे थांबावं. पुरुष गवयाचा आवाज फाटला तर आपण त्याला ‘पिकलेला’ म्हणतो. किमनं फाटलेपणा लपवला नाही. उलट यंत्राला सांगितलं, अजून फाड. आणि ते ऐकायला विशीतली पोरं आली. अल्बममधलं पहिलं गाणं, ‘बाय बाय’, त्या पोरांनीच मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून सगळीकडे पसरवलं. ग्रॅमी पुरस्कारांसाठी तिची दोन नामांकनं झाली, एक अल्बमसाठी आणि एक या गाण्यासाठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही पुरस्कार सेंट व्हिन्सेंट या दुसऱ्या गायिकेला मिळाले. बाईला बाईनंच हरवलं म्हणून मला त्यात वाईट वाटलं नाही.

यादी

आता ‘बाय बाय’ या गाण्याकडे येते.

या गाण्याला गोष्ट नाही. ती एक यादी आहे. प्रवासाला निघालेली बाई सुटकेस भरते आहे. कपडे, औषधं, क्रीम, कागदपत्रं, यंत्रांच्या वायरी, आणि अगदी खासगी, आपण चारचौघांत ज्यांची नावं घेत नाही अशाही वस्तू. मध्येच उरकायची कामं : कपडे धुवायला टाकायचे, पाळलेल्या कुत्र्याची सोय करायची, भावासाठी काही आणून ठेवायचं. केलर हा तिचा मोठा भाऊ. तो अनेक वर्षं स्किझोफ्रेनियानं आजारी होता, आणि आत्मकथनात त्याच्याबद्दल तिनं मोकळेपणानं लिहिलं आहे. बॅग भरणारी बाई फक्त स्वतःची बॅग भरत नाही. मागे राहणाऱ्यांची सोय लावल्याशिवाय तिचा पाय निघत नाही. सत्तर वर्षांची जगप्रसिद्ध बाई असली तरी नाही.

आणि ही यादी ती म्हणते कशी? रडत नाही, चिडत नाही. वाण्याला सामान सांगावं तशी. खाली मात्र ती भयंकर धडधड चालू. म्हणजे बाहेरून बाई साड्यांच्या घड्या घालतेय आणि आत काय चाललंय ते ठेका सांगतोय.

एस.टी.त हे ऐकताना मला एक बाई आठवली. हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

मी केंद्रात नवीन होते. संध्याकाळची वेळ होती, कुलूप लावायच्या बेतात होतो. एक बाई आली, सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा आणि हातात कापडी पिशवी. मार खाऊन निघाली होती. मी शिकले होते तसं विचारायला सुरुवात केली. रेशनकार्ड आणलंत का? आधार? लग्नाचा पुरावा? मुलाचा जन्मदाखला? बँकेचं पासबुक? प्रत्येक प्रश्नाला तिची मान नकारार्थी हलत होती. शेवटी मी वैतागून म्हटलं, “अहो मग पिशवीत भरलंय तरी काय?” तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली. मुलाच्या दम्याचं औषध. त्याचा शाळेचा डबा, धुतलेला. एक साडी. सासूच्या गोळ्यांची चिठ्ठी, शेजारणीला द्यायची राहून गेली म्हणून चुकून सोबत आलेली. आणि घराची किल्ली.

मी म्हटलं, “याचा काही उपयोग नाही.” हे माझे शब्द. दम्याच्या औषधाकडे बघत मी हे म्हणाले. ती काही बोलली नाही. एकेक वस्तू पुन्हा पिशवीत भरली. रात्रीपुरती तिची सोय आम्ही केली, पण सकाळी ती निघून गेली, परत घरी. नंतर कधी आली नाही. दिलेल्या पत्त्यावर मी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी दार उघडलं नाही.

ती माझ्या त्या वाक्यामुळेच परत गेली असं मी म्हणत नाही. बाई परत का जाते याची दहा कारणं आपण सगळ्या जाणतो. पण तिची यादी मला वाचता आली नाही, हे खरं. त्या पिशवीत तिचा सगळा संसार होता : कोणाचा श्वास अडकू शकतो, कोणाच्या गोळ्या चुकू शकतात. आणि किल्ली होती. मी कायदा शिकले होते ना? कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात, कलम १७ मध्ये, ज्या घरात ती राहिली त्या घरात राहण्याचा हक्क तिला आहे. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी तिला त्या घरातून काढू नये असा आदेश देऊ शकतात, तिचं स्त्रीधन परत करायला लावू शकतात. ती किल्ली म्हणजे माझ्या टेबलावर ठेवलेलं कलम १७ होतं. मी ते ‘उपयोग नाही’ म्हणून बाजूला सारलं.

अमेरिकेतल्या एका बाईच्या सामानाच्या यादीनं मला हे दाखवलं. आपल्याच टेबलावर पडलेली यादी मला आधी दिसली नव्हती.

‘मी पुरुष आहे’

अल्बममधलं चौथं गाणं आहे ‘आय’म अ मॅन’. ते ती पुरुषाच्या तोंडून गाते. हा पुरुष तक्रारखोर आहे. पूर्वीचं मानाचं स्थान गेलं, आता मी कोण, असं त्याचं म्हणणं. याला पार्श्वभूमी आहे. २०२१ मध्ये जॉश हॉली या अमेरिकी सिनेटरनं एका भाषणात म्हटलं की डाव्यांनी पुरुषपणावर हल्ले केल्यामुळे पुरुष व्हिडिओ गेम आणि अश्लील चित्रफितींकडे वळले आहेत. पुढे २०२३ मध्ये ‘मॅनहुड’ नावाचं त्याचं पुस्तकही आलं. किमचं गाणं या रडगाण्याचा समाचार घेतं. पण नुसती टर उडवून थांबत नाही. सत्तर वर्षांच्या बाईच्या खरखरीत आवाजात ‘मी पुरुष आहे’ हे ऐकताना मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. कारण हा माणूस मी ओळखते. तो केंद्रात माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतो. नोकरी गेलेली असते, नाहीतर शेतात काही उरलेलं नसतं. बायको बचत गटात जाते, चार पैसे आणते. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की पुरुषपणाशिवाय त्याच्यापाशी आणखी काय आहे. मग तो ते एकच दाखवायला घरी हात उचलतो.

त्याचं ऐकून घ्यायचं, पण त्याचं म्हणणं मान्य करायचं नाही. आपल्या कामातली ही सगळ्यांत अवघड गोष्ट आहे. किमनं त्या गाण्यात तेच केलं आहे असं मला वाटतं. तिनं त्याला बोलू दिलं, आणि आवाज मात्र आपला ठेवला.

कलेक्टिव्ह म्हणजे काय

‘कलेक्टिव्ह’ म्हटलं की आपल्याला आपला गट आठवतो. गोल करून बसलेल्या बाया, मधोमध सतरंजी, निर्णय सगळ्यांनी मिळून. किमचं ‘कलेक्टिव्ह’ वेगळं आहे. जेनिफर ईगन या लेखिकेची ‘द कँडी हाउस’ नावाची २०२२ ची कादंबरी आहे. त्यात असं यंत्र निघतं की माणसं आपल्या सगळ्या आठवणी त्यात उतरवतात आणि एका सामाईक साठ्यात टाकतात. बदल्यात दुसऱ्यांच्या आठवणी बघायला मिळतात. अल्बमचं नाव तिथून आलं आहे, आणि दुसऱ्या गाण्याचं नावच ‘द कँडी हाउस’ आहे. खाऊचं घर. गोड दिसतं म्हणून आत जायचं आणि अडकायचं.

ते यंत्र म्हणजे आपल्या हातातला मोबाइलच की. आपल्या बायांच्या हाती फोन आला तेव्हा आपण आनंदानं म्हटलं, आता ती एकटी नाही. ते खोटं नव्हतं. कितीतरी जणी फोनमुळे आपल्यापर्यंत पोहोचल्या. पण त्याच फोनवरून नवरा तिचं लोकेशन बघतो, तिचे मेसेज वाचतो, फोटो पसरवायची धमकी देतो. आमच्या केंद्रात आता पहिल्या भेटीतच विचारावं लागतं की फोन कुणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कुणाला माहीत आहे. दोन्ही प्रकारच्या ‘कलेक्टिव्ह’ना एकच शब्द आहे, म्हणून आपल्याला फरक माहीत हवा. एकीत बाई आपली गोष्ट स्वतः सांगते, आणि थांबायचं कुठे तेही स्वतः ठरवते. दुसरीत ती गोष्ट तिच्याकडून काढून घेतली जाते.

मला खटकलेलं

आता थोडं टीकेचं. कौतुकच करायला मी आलेली नाही.

पहिलं, ती यादी सुखवस्तू बाईची आहे. त्यात महागड्या कपड्यांच्या कंपन्यांची नावं येतात, पासपोर्ट येतो. तिला जायला विमान आहे आणि परत यायला घर आहे. आपल्याकडे येणाऱ्या बाईची पिशवी आणि ही सुटकेस एक नव्हे. बाई म्हणून दुःख सारखं असतं असं म्हणून आपण पूर्वी बऱ्याच चुका केल्या आहेत. दलित मैत्रिणींनी, आदिवासी मैत्रिणींनी, मुस्लिम मैत्रिणींनी त्या आपल्याला परत परत दाखवल्या. ती चूक मी इथे करत नाही.

दुसरं, तो ठेका. काळ्या तरुणांनी हलाखीतून घडवलेलं संगीत एक नावाजलेली गोरी कलावंत वापरते आणि नामांकनं मिळवते. यात तिनं चोरी केली असं मी म्हणणार नाही. ‘कूल थिंग’मध्ये तिनं स्वतःचीच थट्टा केली होती, म्हणजे तिला या प्रश्नाची जाण आहे. पण जाण असली म्हणजे प्रश्न सुटतो असं नाही. लोककलांची गाणी उचलून शहरी मंचावर नाव कमावणारे आपल्याकडेही थोडे नाहीत.

तिसरं माझ्या विद्यार्थिनीशी भांडण आहे, किमशी नाही. ती म्हणते, यात विद्रोह आहे. मी म्हणते, सुटकेस भरून कार्यक्रमाला जाणं म्हणजे विद्रोह नव्हे. यावर आमचं अजून जमलेलं नाही.

पण तिच्या बाजूनं एक गोष्ट मला मान्य करावी लागली. २०२५ मध्ये अमेरिकेत नवं सरकार आल्यावर सरकारी खात्यांनी कोणते शब्द टाळावेत किंवा कोणत्या शब्दांवर लक्ष ठेवावं याच्या याद्या निघाल्या. वर्तमानपत्रांनी त्या छापल्या. त्यात ‘स्त्री’ होता, ‘लिंगभाव’ होता, ‘पीडित’ होता, ‘हवामान बदल’ होता. अनुदानाच्या अर्जात ‘स्त्री’ शब्द असला तर तो बाजूला निघू शकेल, अशी वेळ. किमनं काय केलं? त्याच वर्षी ‘बाय बाय’ पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. ठेका तोच. सुटकेसमधल्या वस्तूंच्या जागी हे नकोसे झालेले शब्द. म्हणजे तेही सामान झालं : घराबाहेर काढलेलं, आता बॅगेत भरून सोबत न्यायचं. त्या गाण्याचे पैसे तिनं प्रजननहक्कांसाठी निधी उभारणाऱ्या ‘नॉइज फॉर नाऊ’ या संस्थेला दिले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यापासून तिथल्या बायांना या राज्यातून त्या राज्यात जावं लागतं. त्यांनाही बॅग भरावी लागते.

हे कळल्यावर मी विद्यार्थिनीला फोन केला आणि म्हटलं, “बरं, अर्धा विद्रोह.” ती म्हणाली, “ताई, उरलेला अर्धा तुम्ही करा.” आजकालची पोरं!

आपल्यासाठी काय

शेवटी, इतक्या लांबचं हे सगळं मी तुम्हाला का सांगितलं?

एक तर आपल्यातल्या साठीच्या, सत्तरीच्या मैत्रिणींसाठी. चळवळीत तुम्हाला आम्ही व्यासपीठावर बसवतो, सत्कार करतो, जुने दिवस सांगायला लावतो. नवं काही करायला बोलावत नाही. यात आदर किती आणि बाजूला बसवणं किती, याचा विचार आम्ही करायला हवा. आणि तुम्हीही मागे सरकू नका. कुणी वीस वर्षांची पोरगी नवं यंत्र घेऊन आली तर तिच्या शेजारी बसा. आवाज फाटला असेल तर फाटू द्या.

दुसरं, केंद्रात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांसाठी. आमच्या नोंदीच्या फॉर्मवर पहिला प्रश्न होता : ‘कोणती कागदपत्रे सोबत आहेत?’ तो आता तिसऱ्या क्रमांकावर गेला आहे. पहिला प्रश्न आहे : ‘सोबत काय आणलं आहे?’ आणि उत्तरासाठी रेघा जास्त सोडल्या आहेत. बाई सांगते तसं, सांगते त्या क्रमानं लिहायचं. डबा असेल तर डबा. किल्ली असेल तर किल्ली, आणि तिच्यापुढे कलम १७. कागदपत्रांचं विचारायचंच आहे, त्याशिवाय अर्ज उभा राहत नाही. वस्तीतल्या बैठकांत ‘कागदांच्या झेरॉक्स शेजारणीकडे ठेवा, १८१ हा नंबर पाठ करा’ हेही सांगायचंच आहे. पण आधी तिची यादी पूर्ण ऐकायची, मध्ये न बोलता.

ती यादी ऐकायला साधारण चार-पाच मिनिटं लागतात. किमच्या त्या गाण्याएवढीच.

आता चहा येईल तोवर मी तुम्हाला एक विनंती करते. प्रत्येकीनं एक कागद घ्या. आज रात्री घर सोडायचं झालं तर तुम्ही काय काय घ्याल ते लिहा. आपण कार्यकर्त्या आहोत म्हणून ‘कागदपत्रं’ हा शब्द पहिला लिहू नका. खरंच हात कुठे जाईल ते लिहा. कुणाला वाचून दाखवायची सक्ती नाही. मी माझी लिहून आणली आहे. हवी असेल तर सुरुवात मी करते.